शब्द कोणीं ऐकले?

ज्या गाण्याविषयीं मी आज बोलणार आहें, तें ऐकावयास तीन मिनिटेंही लागत नाहींत. त्यांतले शब्द कोणते, हें ठरविण्यासाठीं मात्र अमेरिकेच्या सरकारनें दोन वर्षांहून अधिक काळ खर्च केला, आणि इतकें करूनही ते शब्द सरकारला कळले नाहींत ते नाहींतच. त्या गाण्याचें नांव ‘लुई लुई’. १९६३ सालीं त्याची एक तबकडी निघाली. वर्ष संपतां संपतां ती साऱ्या देशांत गाजली. आणि नव्या वर्षाचा पहिला महिना सरतो न सरतो तोंच अश्लीलतेच्या संशयावरून तिच्यामागें सरकारी चौकशीचा ससेमिरा लागला.

एखादें गाणें चावट म्हणून वडीलधाऱ्यांनीं नाक मुरडावें, आणि नेमकें त्याच कारणासाठीं तरुणांनीं तें डोक्यावर घ्यावें, ही गोष्ट कांहीं नवी नव्हे. आपल्याकडेही लावणीपासून सिनेमाच्या गाण्यांपर्यंत हें चालत आलें आहे. परंतु ‘लुई लुई’ची हकीकत जरा निराळी आहे. एरवीं गाण्याचे शब्द सर्वांना ठाऊक असतात, आणि ते सभ्य कीं असभ्य एवढाच वाद असतो. येथें शब्द कोणालाच नीट ऐकूं येत नव्हते. वाद मात्र कडाक्याचा झाला. असें कां झालें, आणि त्या गडबडींत कोणाचें काय हरवलें, हें सांगण्यासाठीं मी आपल्यापुढें आलों आहें. मुलांचे कान धरण्यांत माझीं छत्तीस वर्षें गेलीं. आतां उतारवयांत एकदां आपलेच कान तपासून पाहावेत असें वाटूं लागलें आहे.

या गाण्याचा कर्ता रिचर्ड बेरी. लॉस एंजेलिस शहरांत वाढलेला हा एक कृष्णवर्णीय तरुण गायक. १९५५ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या विशींत, तो अॅनाहाइम येथील एका नृत्यगृहांत गात असे. तेथील वाद्यवृंद ‘एल लोको चा चा’ नांवाची क्यूबा बेटाच्या ढंगाची एक चाल वाजवीत असे. त्या चालीच्या आरंभीं एक लहानसा ठेका येतो : आधीं तीन ठोके, मग दोन; पुन्हां तीन, पुन्हां दोन. तो ठेका बेरीच्या कानांत असा कांहीं बसला कीं आपली गाण्याची पाळी येण्यापूर्वींच त्यानें हाताला लागलेल्या कागदावर त्याला शब्द जोडून टाकले.

ते शब्द मी येथें म्हणून दाखवीत नाहीं; आशय तेवढा सांगतों. जमेका बेटाचा एक खलाशी मद्यगृहांतल्या लुई नांवाच्या माणसापाशीं आपलें मन मोकळें करीत आहे. दूर त्या बेटावर त्याची प्रिया वाट पाहत आहे. तीन दिवस आणि तीन रात्री समुद्रावर काढून तो तिच्याकडे जाणार. वाटेंत ध्यास तिचाच. आणि भेट झाली म्हणजे तिला जवळ घेऊन सांगणार कीं, आतां तुला सोडून जाणार नाहीं. संपलें गाणें. कालिदासाच्या यक्षानें आपलें दुःख मेघाला सांगितलें, या खलाशानें तें लुईला सांगितलें, एवढाच काय तो फरक. यक्षाचें बोलणें तर याहून कितीतरी अधिक शृंगारिक आहे, आणि तें आपण विद्यालयांतून शिकवीत आलों आहोंत.

एप्रिल १९५७ मध्यें बेरीच्या स्वतःच्या आवाजांत हें गाणें एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूस निघालें. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर तें थोडेंफार खपलें आणि मागें पडलें. बेरीला लग्न करावयाचें होतें आणि हातांत पैसा नव्हता. त्यानें या गाण्याचे व त्यासोबत आणखी कांहीं गाण्यांचे हक्क ७५० डॉलरांस प्रकाशकाला विकून टाकले. श्रोतेहो, हा आंकडा आपण ध्यानांत ठेवावा. शेवटीं मी त्याच्याकडे परत येणार आहें.

गाणें विकलें गेलें तरी मेलें नाहीं. उत्तरेस, वॉशिंग्टन व ऑरेगन या राज्यांत, त्यानें नवा जन्म घेतला. टॅकोमा शहरांतील रॉकिन रॉबिन रॉबर्ट्स या गायकानें ‘वेलर्स’ या मंडळीबरोबर तें अधिक जोमदार थाटांत म्हटलें, आणि १९६१ सालीं त्याची तबकडी निघाली. तेव्हांपासून त्या भागांतल्या प्रत्येक नवशिक्या वाद्यमंडळाला हें गाणें आलेंच पाहिजे असा जणूं दंडक पडला. पोर्टलंड शहरांतील ‘किंग्जमेन’ हें अशांपैकींच एक मंडळ. त्यांतले सगळे वादक अगदीं पोरवयाचे.

६ एप्रिल १९६३ रोजीं या पोरांनीं पन्नासएक डॉलर खर्चून एका स्थानिक ध्वनिमुद्रणगृहांत हें गाणें मुद्रित केलें. गाणारा जॅक ईली, वय वर्षें एकोणीस. मायक्रोफोन छतापासून टांगलेला, तोही डोक्याच्या बराच वर. बिचाऱ्याला टाचा उंचावून, मान वर करून, भोंवतालच्या वाद्यांच्या गलबल्यावर मात करील अशा आवाजांत ओरडावें लागलें. त्यांतून दांत सरळ करण्यासाठीं तारा बसविलेल्या. गिटारचा तुकडा संपल्यावर एके ठिकाणीं तो जरा अगोदरच उठला, चूक ध्यानांत येतांच थांबला, आणि ड्रम वाजविणाऱ्यानें ती पोकळी कशीबशी भरून काढली. ती चूक तबकडींत तशीच राहिली, आणि आजही ती ऐकूं येते. एवढ्या तयारीनें गाइलेल्या गाण्याचे शब्द स्पष्ट उमटले असते तरच नवल!

सहा महिने तबकडी पडून होती. मग ऑक्टोबरांत बोस्टन शहरांतील एका नभोवाणी निवेदकानें आठवड्यांतील सर्वांत वाईट तबकडी म्हणून ती थट्टेनें ऐकविली. परिणाम उलटा झाला. ऐकणाऱ्यांनीं दुकानें गाठलीं आणि तबकडी हातोहात खपूं लागली. डिसेंबर १९६३ मध्यें ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादींत ती दुसऱ्या क्रमांकावर पोंचली. त्या वेळीं पहिल्या क्रमांकावर कोणतें गाणें असावें? बेल्जममधील एका ख्रिस्ती जोगिणीनें गाइलेलें ‘डॉमिनिक’ हें एका संताच्या स्तुतीचें गाणें! राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या होऊन महिनाही लोटला नव्हता. त्या शोकाकुल देशांत संतस्तुति आणि हा अगम्य आरडाओरडा हीं दोन्ही शेजारीं शेजारीं नांदत होतीं.

शब्द कळत नाहींत म्हटल्यावर ते पुरविणारे निघालेच. शाळाकॉलेजांतून हातानें लिहिलेले, टंकलिखित केलेले कागद फिरूं लागले. प्रत्येक कागद म्हणे, हेच खरे शब्द. आणि ते शब्द असे कीं चारचौघांत उच्चारूं नयेत. गंमत अशी कीं एका गांवचा कागद दुसऱ्या गांवच्या कागदाशीं जुळत नसे. तबकडी मिनिटास ४५ फेऱ्यांची होती. ती सावकाश, ३३ फेऱ्यांच्या वेगानें लावली म्हणजे सारें स्पष्ट ऐकूं येतें, अशीही एक आवई उठली. मग काय विचारतां! ज्या घरीं ग्रामोफोन, त्या घरीं संशोधन सुरू.

येथें कानाचा एक धर्म सांगितला पाहिजे. आपण केवळ कानानें ऐकतों असें समजतों, पण तें पुरतें खरें नव्हे. कानावर अर्धेमुर्धे आवाज पडतात, आणि उरलेलें मन भरून काढतें. लहानपणीं आगगाडींत बसून चाकांच्या आवाजांतून शब्द काढण्याचा खेळ आपण सर्वांनीं खेळलेला असेल. एकानें म्हणावें, गाडी आजोळच्या गांवाचें नांव घेते आहे; कीं लागलीच साऱ्या डब्याला तेंच नांव ऐकूं यावें. ‘लुई लुई’चें असेंच झालें. आधीं कागद वाचावयाचा आणि मग तबकडी लावावयाची. मग कागदावरचा शब्द तबकडींत सांपडल्यावांचून कसा राहील? मनीं वसे तें स्वप्नीं दिसे, अशी म्हण आहे. तें कानींही पडतें, एवढीच भर मी तींत घालीन.

आतां हे कागद आईबापांच्या हातीं पडले. जानेवारी १९६४ मध्यें फ्लोरिडा राज्यांतील एका मुलीच्या पालकानें देशाचे अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांस पत्र लिहून या तबकडीविरुद्ध दाद मागितली. इंडियाना राज्याचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांनीं तर ती ऐकून आपले कान झिणझिणले असें सांगितलें, आणि आपल्या राज्यांतील नभोवाणी केंद्रांनीं ती लावूं नये अशी खटपट केली. या पालकांना हंसण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. घरांत वाढत्या वयाची मुलगी आहे, तिच्या वहींतून एक घाणेरडा कागद निघतो, आणि वर कोणी सांगतें कीं हें गाणें ती रोज ऐकते. अशा वेळीं कोणाचा जीव घाबरा होणार नाहीं? त्यांची चिंता खरी होती. पुरावा तेवढा खोटा होता.

चौकशी ‘एफ्. बी. आय्.’ या मध्यवर्ती पोलीस खात्याकडे गेली. अश्लील साहित्य एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत नेणें हा तेथें गुन्हा आहे, आणि तबकड्या तर सर्व राज्यांत विकल्या जात होत्या. खात्याच्या प्रयोगशाळेंत तबकडी निरनिराळ्या वेगांनीं वाजवून पाहण्यांत आली. ठिकठिकाणांहून आलेले कागद तिच्याशीं ताडून पाहण्यांत आले. प्रकाशकाकडचे मूळ शब्दही मिळाले. त्यांत वावगें कांहींच नव्हतें. परंतु तबकडीवर तेच शब्द गाइले आहेत हें कशावरून? अशी ही कागदोपत्रीं यात्रा १९६६ पर्यंत चालली. निष्कर्ष काय निघाला? कोणत्याही वेगानें वाजविली तरी तबकडींतले शब्द कळत नाहींत. सबब ती अश्लील आहे असें म्हणतां येत नाहीं.

या चौकशींतल्या दोन गोष्टी मला विशेष वाटतात. पहिली अशी कीं ज्याच्या मुखांतून ते शब्द निघाले त्या जॅक ईलीला कोणीं बोलावून विचारलेंच नाहीं. प्रयोगशाळा राबली, टंकलेखक राबले. परंतु ‘बाबा रे, तूं काय गाइलास?’ हा साधा प्रश्न तेवढा राहून गेला. दुसरी गोष्ट याहून गमतीची. तबकडी सुरू झाल्यावर मिनिटभराच्या आंतच ड्रम वाजविणाऱ्याच्या काठीचा घोटाळा झाला आणि त्याच्या तोंडून एक शिवी निघून गेली, असें त्या मंडळींनींच पुढें सांगितलें. पाठीमागें अस्पष्ट अशी ती आजही ऐकूं येते. म्हणजे तबकडींत आक्षेपार्ह शब्द एकच होता, आणि नेमका तोच शोधणाऱ्यांच्या हातून निसटला. चोर सोडून संन्याशाला फांशीं देण्याचा हा प्रकार.

इतक्या वर्षांनंतर तरी हा समज गेला असेल असें आपणांस वाटेल. २००५ सालीं मिशिगन राज्यांतील बेंटन हार्बर या गांवीं एका शाळेचें वाद्यपथक मिरवणुकींत ‘लुई लुई’ वाजविणार होतें. शिक्षणखात्याच्या तेथील अधिकाऱ्यांनीं गाणें अश्लील म्हणून मनाई केली. बोभाटा झाला तेव्हां ती मागें घेतली. श्रोतेहो, पथक गाणार नव्हतें. केवळ कर्णे आणि ढोल वाजविणार होतें. पितळेच्या कर्ण्यांतून अश्लील शब्द कसा बाहेर पडावा?

आपण हंसला असाल. मी मात्र ही हकीकत प्रथम वाचली तेव्हां मला हंसूं आलें नाहीं, कारण हेंच मीं स्वतः केलेलें आहे.

माझ्या सातवीच्या वर्गांत एक मुलगा होता. पेटीवर त्याचा हात चांगला चाले, आणि स्नेहसंमेलनांत साथ करण्यासाठीं मींच त्याची निवड केली होती. एके दिवशीं मधल्या सुटींत तो पेटीवर एक चाल काढीत बसला होता आणि भोंवतालचीं मुलें फिदीफिदी हंसत होतीं. चाल त्या दिवसांत गाजत असलेल्या एका चावट सिनेमागीताची होती. मीं विचारलें, “याचे शब्द काय आहेत ठाऊक आहे कां तुला?” तो म्हणाला, “नाहीं गुरुजी, मला नुसती चाल येते.” मला हा शुद्ध कांगावा वाटला. गाणें साऱ्या गांवाला पाठ, आणि यालाच तेवढे शब्द ठाऊक नाहींत? मीं सर्वांसमक्ष त्याची कानउघाडणी केली आणि संमेलनांतून त्याचें नांव कमी केलें.

संमेलन होऊन गेल्यावर एका लग्नाच्या वरातींत मीं त्याच्या वडिलांना पाहिलें. ते बँडांत क्लॅरिओनेट वाजवीत होते, आणि वाजवीत होते तीच चाल. त्यांच्या घरीं रोज संध्याकाळीं अशा चाली घोटल्या जात, आणि त्यांना शब्द नसत. असत ते केवळ सूर. मुलगा अक्षरशः खरें बोलला होता. दुसऱ्या दिवशीं मीं त्याला जवळ बोलावून चूक कबूल केली. तो “असूं द्या गुरुजी” एवढेंच म्हणाला. परंतु पुढें शाळा सोडीपर्यंत त्यानें शाळेच्या पेटीला पुन्हां हात लावला नाहीं. त्या गाण्यांतली अश्लीलता त्या खोलींत कोणाजवळ होती? हंसणाऱ्या मुलांजवळ होती आणि माझ्याजवळ होती. ज्याला शिक्षा झाली त्याच्याजवळ मात्र ती नव्हती.

आतां ‘लुई लुई’नें पुढें काय केलें तें थोडक्यांत सांगतों. मनाईनें तें दबलें नाहीं, उलट फोफावलें. त्याचे सूर सोपे; तीन स्वरमेळांत काम भागतें. गिटार नुकतेंच हातीं घेतलेल्या पोराला आठवड्याभरांत वाजवितां यावें असें तें गाणें. हीं पोरें मिळून बिनवापराच्या मोटारखान्यांत तालीम करीत, आणि त्यावरूनच ‘गॅरेज रॉक’ हें नांव त्या धाटणीच्या संगीताला पुढें मिळालें. ‘किंग्जमेन’च्या त्या ओबडधोबड तबकडीला त्या परंपरेंत मोठा मान आहे. १९८३ सालीं कॅलिफोर्नियांतील एका कॉलेजच्या नभोवाणी केंद्रानें या एकाच गाण्याचीं आठशेंहून अधिक निरनिराळीं रूपें सलग ६३ तास ऐकविलीं. १९८५ सालीं वॉशिंग्टन राज्यांत तर तें राज्यगीत करावें अशी अर्ध्या थट्टेची चळवळही झाली.

आणि त्या ७५० डॉलरांचें काय झालें? गाणें देशोदेशीं गाजत होतें, त्याचा पैसा दुसऱ्यांच्या घरीं जात होता, आणि रिचर्ड बेरी १९८० नंतरच्या काळांत लॉस एंजेलिसमध्यें आईच्या घरीं सरकारी मदतीवर दिवस काढीत होता. पुढें एका पेयाच्या जाहिरातीसाठीं हें गाणें हवें झालें, त्यासाठीं बेरीच्या सहीची गरज पडली, आणि त्या निमित्तानें कायद्याचें साहाय्य मिळून त्याला आपला हक्क व पैसा परत मिळाला. अखेरचीं दहाएक वर्षें त्यानें सुखांत काढलीं. जानेवारी १९९७ मध्यें तो वारला. गाणारा जॅक ईली तबकडी गाजण्यापूर्वींच मंडळींतल्या मानापमानांत बाहेर पडला होता. तबकडीचा आवाज त्याचा, आणि रंगमंचावर ओठ हलविणारा दुसराच, असें कांहीं काळ चाललें. ‘किंग्जमेन’ मंडळींनाही त्यांचा वांटा देण्यांत आला नव्हता. तो मिळविण्यासाठीं त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तो वाद त्यांच्या बाजूनें मिटला.

म्हणजे पाहा, या गाण्यांत कोणावर तरी अन्याय होत होता हें खरें; फक्त तो निराळ्याच जागीं होता. गव्हर्नर, पोलीस, पालक आणि चावट कागद लिहिणारीं पोरें, हे सर्व मिळून नसलेला शब्द शोधीत होते. आणि असलेला माणूस, ज्यानें तो शब्द खरोखर लिहिला, तो कोणाच्याच नजरेला पडत नव्हता.

सर्वच गाणीं निर्दोष असतात असें माझें म्हणणें नाहीं. कांहीं खरोखरच हीन असतात, आणि मुलांना तसें स्पष्ट सांगणें हें वडीलधाऱ्यांचें कर्तव्यच आहे. परंतु सांगण्यापूर्वीं तें गाणें एकदां नीट ऐकावें. मुलाला जवळ बसवून विचारावें कीं, बाळ, तुला यांत काय ऐकूं येतें? पुष्कळदां त्याला केवळ ठेका ऐकूं येत असतो, कधीं एखाद्या खलाशाची विरहकथा, आणि कधीं त्याच्या बापाची क्लॅरिओनेट. त्यानें दिलेलें उत्तर आपल्या अपेक्षेप्रमाणें नसलें, तरी तें आधीं खरें धरून चालावें. मीं तसें केलें असतें तर आमच्या शाळेला एक चांगला पेटीवाला लाभला असता.